उतारा

या शनिवारचा विषय जरा अभ्यासाचा आहे, पण घाबरू नका, शेवटी प्रश्नोत्तरं नाहीत. आधी खालचा मजकूर वाचा. एकदाच वाचायचा, मागे वळायचं नाही.

"यात दोन गोष्टी वेगवेगळ्या तयार कराव्या लागतात, एक आतली आणि एक बाहेरची. आतली आधी करून ठेवलेली बरी, कारण बाहेरची थांबायला तयार नसते. ती गार झाली की ऐकत नाही, आणि गरम असताना तिला हात लावायला हिंमत लागते. दोन्ही जमल्या तरी खरं कौशल्य पुढेच आहे. मधे खोली आणायची आणि कडेकडेने फिरत राहायचं. बघणारे आकडा मोजतात, पण नवख्याने आकड्याच्या मागे लागू नये. तोंड नीट बंद झालं नाही तर पुढच्या टप्प्यात फजिती ठरलेली. शेवटी सगळ्यांना थोडं अंतर ठेवून एकत्र बसवायचं आणि झाकून टाकायचं. पाणी त्यांना लागता कामा नये, पण पाण्यावाचून काही होणारही नाही. दहा-पंधरा मिनिटांत निकाल समोर येतो."

कळलं? शब्द एकही अवघड नाही. वाक्यं छोटी आहेत. चौथीतल्या पोराला घडाघडा वाचता येईल. आणि तरीही बऱ्याच जणांना वाचताना धुक्यात चालल्यासारखं झालं असेल. आता शीर्षक सांगतो: उकडीचे मोदक. जा, परत वाचा. तीच वाक्यं आता कशी चटाचट जागेवर बसतात बघा. "बघणारे आकडा मोजतात" म्हणजे कळ्या! ज्यांना "गरम असताना हात लावायला हिंमत" इथेच उजेड पडला, त्यांनी स्वतः कधीतरी उकड मळलेली आहे किंवा आईला मळताना बघितलेलं आहे, हे मी पैजेवर सांगतो. आमच्या टीममधल्या लखनौच्या मित्राला हाच मजकूर मी हिंदीत करून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हा तर कोणत्यातरी प्रोजेक्टच्या प्लॅनिंगबद्दल आहे, आतली टीम आणि क्लायंटची टीम." :)

ही युक्ती माझी नाही. मजकूर माझा, पण कल्पना जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन या दोघांची. 1972 साली त्यांनी कपडे धुण्याबद्दल असाच एक गुळमुळीत परिच्छेद लिहून लोकांना ऐकवला. काहींना विषय आधी सांगितला, काहींना ऐकून झाल्यावर सांगितला, काहींना सांगितलाच नाही. मग आठवेल तेवढं लिहा म्हटलं. ज्यांना विषय आधी माहीत होता त्यांना जवळपास दुप्पट आठवलं. पण खरी मजा दुसऱ्या गटात आहे. ऐकून झाल्यावर "अहो, कपडे धुण्याबद्दल होतं" असं सांगितलेल्या लोकांना काडीचाही फायदा झाला नाही. ते आणि काहीच न सांगितलेले, दोघे सारखेच. म्हणजे अर्थ नंतर चिकटवता येत नाही. वाचता वाचता किंवा ऐकता ऐकताच तो बांधावा लागतो, आणि बांधायला लागणारं सामान तेव्हा हाताशी असावं लागतं.

आपण आयटीवाल्यांच्या डोक्यात वाचण्याचं चित्र कसं असतं? फाइल कॉपी. पानावर अर्थ ठेवलेला आहे, डोळ्यांनी उचलायचा, डोक्यात पेस्ट करायचा. कळलं नाही म्हणजे कॉपी करताना गडबड झाली, तेव्हा परत कॉपी करा. मानसशास्त्रवाल्यांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे काय शोधलं, त्यावरून हे चित्र साफ चुकीचं दिसतं. उपमाच द्यायची तर वाचणं हे लिंकिंगच्या जवळ जातं. पानावर फक्त फंक्शन कॉल असतात. लायब्ररी तुमच्या डोक्यात.

उदाहरण घ्या. "त्यांनी गाडीतून पिकनिकचं सामान काढलं. बिअर कोमट झाली होती." यात न कळण्यासारखं काय आहे? काही नाही. पण बिअर आली कुठून? पहिल्या वाक्यात बिअरचा पत्ता नाही. सामानात बिअर होती, ती गाडीत तापली, हे सगळं तुम्ही घातलंत, लेखकाने नाही. हॅविलंड आणि क्लार्क यांनी 1974 साली हे मोजून दाखवलं. पहिल्या वाक्यात बिअरचा उल्लेख असेल तर लोकांना दुसरं वाक्य लवकर कळतं, नसेल तर किंचित जास्त वेळ लागतो. तो किंचित वेळ म्हणजे पूल बांधण्याची मजुरी. असे पूल आपण प्रत्येक परिच्छेदात डझनाने बांधतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पत्ता लागतो तो पूल बांधायला लाकूडच नसतं तेव्हा.

आणि बांधून झालं की लाकडं कुठली होती हेही आपण विसरतो. तीन कासवं पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यावर बसलेली आहेत आणि एक मासा त्यांच्या खालून पोहत गेला, असं वाक्य लोकांना ऐकवलं. नंतर विचारलं, "मासा ओंडक्याखालून गेला, असं ऐकलंत का?" लोक म्हणाले, हो, ऐकलं की! ऐकलं नव्हतं. पण डोक्यात वाक्य राहिलंच नव्हतं, राहिला होता देखावा: वर कासवं, मधे ओंडका, खाली मासा. वाल्टर किंच नावाच्या संशोधकाने यावर अख्खं आयुष्य घालवलं. त्याच्या मते वाचताना डोक्यात तीन थर तयार होतात. शब्दांचा थर, तो काही क्षणांत विरून जातो. वाक्यांत काय म्हटलंय त्याचा थर, तो जरा टिकतो. आणि तिसरा, मजकुरात वर्णन केलेल्या परिस्थितीचं डोक्यातलं मॉडेल. "कळलं" असं आपण ज्याला म्हणतो ते हे तिसरं. पहिले दोन थर पानावरून मिळतात. तिसऱ्याचं निम्मंअधिक सामान घरून आणावं लागतं.

आता एका शब्दाकडे येतो. मघाशी मी "मजकूर" म्हटलं, पण शाळेत त्याला काय म्हणायचो? उतारा. "खालील उतारा वाचून त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहा." पण उतारा म्हटल्यावर तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर सातबारा येतो. विष उतरवायचं तरी उतारा. दृष्ट लागली म्हणून आजी ओवाळून टाकायची तोही उताराच. आणि शेतीवाल्या घरात आणखी एक उतारा असतो, त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ. शब्द एक, दुकानं पाच. वाचताना डोकं यातला नेमका कसा निवडतं?

डेव्हिड स्विनी याने 1979 साली आपल्या धंद्यातल्याच शब्दावर हे तपासलं: बग. (तेव्हा त्याच्या मनात आपला बग नव्हता. एक कीटक आणि दुसरा गुप्तहेर खोलीत लपवून ठेवतात तो मायक्रोफोन.) वाक्याचा रोख सरळ किड्यांकडे असतानाही "बग" ऐकल्या ऐकल्या लोकांच्या डोक्यात दोन्ही अर्थ जागे होतात, मुंगीही आणि हेरही. दोन-तीन अक्षरं पुढे जाईपर्यंत हेर गायब होतो आणि मुंगी उरते. आपल्याला कळतही नाही की आत क्षणभर निवडणूक झाली. पण निवडणुकीला उभे कोण राहणार? जे अर्थ आधीपासून डोक्यात आहेत तेच. ज्याच्याकडे एकच अर्थ आहे त्याच्याकडे बिनविरोध. आणि तो बिनविरोध निवडून आलेला चुकीचा असला तरी "काहीतरी चुकतंय" अशी घंटा दर वेळी वाजतेच असं नाही.

घंटेवरून आठवलं. झटकन उत्तर द्या: युद्धात बेशुद्ध पडलेल्या भरतासाठी हनुमानाने कोणता पर्वत उचलून आणला?

द्रोणागिरी म्हणालात ना? परत वाचा प्रश्न. बेशुद्ध कोण पडलं होतं? भरत तर त्या युद्धात नव्हताच! हाही माझा शोध नाही. 1981 साली एरिक्सन आणि मॅटसन यांनी बायबलमधल्या नोहाच्या नावेबद्दल विचारताना नोहाच्या जागी मोझेस घातला, आणि गोष्ट नीट माहीत असलेल्या लोकांनीही बिनदिक्कत उत्तरं दिली. भरत हा रामाचा भाऊ, त्याच गोष्टीतला. जवळपास बसणारा तुकडा डोकं बसवून टाकतं. तिथे "युद्धात बेशुद्ध पडलेल्या सचिन तेंडुलकरसाठी" असं लिहिलं असतं तर तुम्ही ताडकन थांबला असता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

1988 साली अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या 64 मुलांवर एक प्रयोग केला. मुलांचे चार गट: वाचनात हुशार आणि बेसबॉल माहीत असलेली, वाचनात हुशार पण बेसबॉल माहीत नसलेली, वाचनात कच्ची पण बेसबॉलवाली, आणि दोन्हीत कच्ची. सगळ्यांना बेसबॉलच्या एका डावाच्या तुकड्याचं वर्णन वाचायला दिलं. समोर मैदानाची छोटी प्रतिकृती आणि लाकडी खेळाडू ठेवले. वाचा आणि खेळाडू हलवून दाखवा, काय झालं ते. निकाल काय? वाचनात "कच्ची" पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात "हुशार" पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे. नुसती पुढे नाही, तर हुशार बेसबॉलवाल्यांच्या जवळपास. म्हणजे त्या मजकुरापुरता वाचनचाचणीचा शिक्का फारसा कामाचाच नव्हता. आपल्याकडे क्रिकेट घालून बघा. एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूवर "अंपायर्स कॉल" का लागला याचं चार ओळींचं वर्णन सहावीतल्या "वाचनात मागे" मुलाला द्या आणि क्रिकेट न बघणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांना द्या.

दुसरा प्रयोग तर आपल्या घरातलाच आहे. 1979 साली मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली. एकात अमेरिकन लग्न, एकात भारतीय लग्न. ज्याला ज्याचं लग्न, ते त्याने लवकर वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं, हे अपेक्षितच. पण जे चुकीचं आठवलं ते वाचून मी ऑफिसात एकटाच हसत होतो. अमेरिकन पत्रातल्या नवरीने आजीचा लग्नातला ड्रेस घातलेला असतो, त्यांच्याकडे ते कौतुकाचं. एका भारतीय वाचकाने काय आठवून लिहावं? नवरी तशी ठीक दिसत होती, पण ड्रेस फार जुना आणि फॅशनबाह्य होता! आणि भारतीय पत्रातला हुंड्याचा विषय काही अमेरिकनांच्या डोक्यात शिरताना भेटवस्तूंची देवाणघेवाण होऊन बसला. (याला विनोद म्हणावं की काय ते तुम्ही ठरवा.) दोन्हीकडचे लोक शिकलेले, इंग्रजी येणारे. शब्द सगळे कळले. लग्न मात्र प्रत्येकाने आपापल्या गावचं वाचलं.

हे सगळं मी गेल्या काही महिन्यांत शोधून शोधून वाचलं, त्यामागे एक कारण आहे. सांगतो.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आला. लातूरकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी ऊस. कॅम्पसमधून निवड झालेली, सहा महिने प्रोबेशन. आमचं काम अमेरिकेतल्या गृहकर्जांचं. कर्ज दिल्यावर पुढची तीस वर्षं हप्ते गोळा करणं, हिशेब ठेवणं वगैरे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याला पहिलंच काम मिळालं ते एस्क्रो मॉड्यूलचं. चाळीस पानांचं डॉक्युमेंट. पहिल्या पानावर पहिलं वाक्य साधारण असं, की वार्षिक ॲनालिसिसमध्ये एस्क्रो शॉर्टेज निघाल्यास ते पुढील 12 हप्त्यांत विभागून वसूल करावं. त्या आठवड्यात अजून चार नवी मुलं तेच डॉक्युमेंट वाचत होती, सगळी पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांमधली. शुक्रवारी लीडने विचारलं, "क्लिअर आहे सगळ्यांना?" चौघांनी मान हलवली. हा उठून म्हणाला, "सर, मला पहिल्या पानापासून कळलेलं नाही."

तीन महिन्यांनी त्याच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर "आकलन" नावाच्या रकान्यात शेरा आला: कमकुवत, प्रशिक्षण आवश्यक. प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांचा वर्कशॉप. मुख्य मुद्दा कसा शोधावा, आधी मथळे चाळावेत, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारावी, नजर वेगाने कशी फिरवावी. (नजर वेगाने फिरवण्याबद्दल एकच सांगतो. एका नजरेत स्वच्छ दिसतात ती थोडीच अक्षरं, डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, आणि कीथ रेनर यांच्या मंडळींनी या विषयावरचं सगळं संशोधन पालथं घालून 2016 मध्ये लिहिलं की वेग दुप्पट-तिप्पट करायचा तर समज कमी होणारच, फुकट काही मिळत नाही. असो.) ज्याला "एस्क्रो" म्हणजे काय हे माहीत नाही त्याने त्याखाली रेघ मारून काय होणार? रेघ मारलेला एस्क्रो.

लीड माझा जुना मित्र. कॉफीला म्हणाला, "इंग्रजी कच्चं आहे रे त्याचं, सरळ आहे." इंग्रजी होतंच कच्चं, ते मी नाकारत नाही. भाषाच वाचता येत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. 1986 साली गफ आणि टनमर यांनी तर वाचनाचं गणितच मांडलं: लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. गुणाकार आहे, दोन्हीतलं एक शून्य झालं की सगळं शून्य. पण इथे शून्य कुठे होतं? मी त्या चार मान हलवणाऱ्यांपैकी एकाला सहज विचारलं, "एस्क्रो म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "एक प्रकारचं अकाउंट असतं, ॲक्च्युअली." कशाचं? "म्हणजे... होल्ड करतं ते." काय होल्ड करतं? मग तो हसला, मीही हसलो. त्याच्या इंग्रजीला काहीही झालेलं नव्हतं.

याच्यावरही काम झालेलं आहे. एलन मार्कमन यांनी 1979 मध्ये शाळकरी मुलांना छोटे निबंध ऐकवले. एक माशांचा होता: समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, रंगसुद्धा दिसत नाहीत, आणि तिथले मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात. अनेक मुलांना यात काही खटकलंच नाही, बाराएक वर्षांच्या मुलांनाही. छान कळलं म्हणाली. लहान मुलं आहेत, असं म्हणायची सोय नाही, कारण 1982 मध्ये ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्यांवरही तेच बघितलं. परस्परविरोधी विधानं असलेला मजकूर दिला, विसंगती शोधा असं सांगितलंही, तरी कित्येकांनी ती न सापडताच "उत्तम समजलं" असं नोंदवलं. त्यांनी याला नाव दिलं, कळल्याचा भ्रम. म्हणजे आपलं आपल्याला कळलेलं नाही हे ओळखणं हासुद्धा आकलनाचाच भाग आहे, आणि बराच अवघड भाग आहे. पाच जणांच्या त्या खोलीत हे काम एकाने केलं होतं, आणि शेरा त्यालाच मिळाला.

आता तो राहिलेला उतारा.

2022 मध्ये राज्य सरकारने उसाची एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला परवानगी दिली आणि त्यावरून रान पेटलं होतं. कँटीनमध्ये कुणाच्यातरी मोबाइलवर त्याची बातमी होती. "साखर उताऱ्यानुसार अंतिम दर हंगाम संपल्यावर." आमच्यातला एकजण म्हणाला, "उतारा म्हणजे? सातबारा का?" याने मान वर केली. पहिल्यांदाच त्याला घडाघड बोलताना ऐकलं. उतारा म्हणजे एक टन उसातून किती टक्के साखर निघाली ते. दर त्याला बांधलेला. कायद्याने ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, पण या हंगामाचा खरा उतारा हंगाम संपल्याशिवाय कळत नाही, म्हणून कारखाने म्हणतात आधी थोडे घ्या, बाकीचे मागाहून. आणि शेतकरी म्हणतो मागाहूनचे कधी बघितलेत कुणी. मग त्याने बातमी स्वतःकडे घेतली, एकदा वाचली आणि म्हणाला, "यात इथेनॉलचं दिलेलंच नाही. रस नाहीतर मळी इथेनॉलकडे वळवली की साखर कमी निघते, उतारा कमी दिसतो. ते धरून दर काढणार की न धरता, हे लिहायला पाहिजे होतं."

आम्ही सहाजण गप्प. चार इंजिनियर, एक एमबीए आणि मी. तिसऱ्या वाक्यानंतर आम्ही सगळे डॉना रेक्टच्या प्रयोगातली बेसबॉल न कळणारी हुशार मुलं झालो होतो. आणि ज्याचं आकलन कमकुवत, तो बातमीत काय आहे तेच नाही, तर काय नाही तेही वाचत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मीटिंग रूममध्ये घेऊन बसलो. डॉक्युमेंट बंद ठेवलं. म्हटलं, एक माणूस आहे, त्याने टेक्ससमध्ये घर घेतलंय. घरावर दर वर्षी मालमत्ता कर आहे आणि विमा आहे. आपल्याकडे कर महापालिकेला आपण भरतो, बँकेचा संबंध नाही. तिकडे बँकेला भीती, की याने कर बुडवला तर सरकार घरावर हक्क सांगेल आणि आपलं तारण धोक्यात येईल. म्हणून बँक काय करते, वर्षाच्या कराचा आणि विम्याचा बारावा हिस्सा दर हप्त्यासोबत घेऊन बाजूला ठेवते आणि वेळ आली की स्वतःच...

"म्हणजे सर, कारखाना आमच्या बिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापून भरतो तसं?"

मी खडूसारखा मार्कर हातात धरून उभा राहिलो. तंतोतंत तसं नाही, पण सांगाडा तोच. पैसे तुमचे, हातात तिसऱ्याच्या, तो भरणार चौथ्याला, कारण त्या तिसऱ्याला तुमच्यावर सोडायचं नाही. पुढची पंधरा मिनिटं मी फक्त फरक सांगितले. कर वाढला की बाजूला ठेवलेले पैसे कमी पडतात, ते शॉर्टेज. वर्षातून एकदा हिशेब, ते ॲनालिसिस. दोन महिन्यांपुरती उशी ठेवायची मुभा. मग त्याने डॉक्युमेंट उघडलं आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचून स्वतःच्या शब्दांत मला सांगायला लागला. हे मी शिकवलं नव्हतं. (मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणाचा धडा असाच वाचायला लावला, प्रत्येक ओळ स्वतःला समजावत. तोच धडा नुसता दोनदा वाचणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना बराच जास्त समजला.) अकराव्या पानावर तो थांबला.

"सर, कमी पडले तर काय करायचं ते दिलंय. जास्तीचे उरले तर कुणाचे?"

डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. तिकडचा नियम असा आहे, की हप्ते वेळेवर असतील आणि शिल्लक 50 डॉलर किंवा जास्त असेल तर ती 30 दिवसांत परत करायची. चाळीस पानं लिहिणाऱ्याला हे इतकं पाठ होतं की लिहावंसंच वाटलं नसावं. जाणकार लिहितात तेव्हा हे होतंच. मॅकनमारा, किंच आणि मंडळींचा 1996 चा एक अभ्यास आहे, हृदयविकारावरचे मजकूर घेऊन केलेला. ज्यांना विषय माहीत नाही त्यांना सगळे सांधे जोडून दिलेला मजकूर लागतो. ज्यांना माहीत आहे त्यांना उलट थोडी भोकं असलेला मजकूर खोलवर समजायला जास्त उपयोगी पडतो, कारण ती बुजवताना डोकं चालतं. आमचं डॉक्युमेंट दुसऱ्या जातीचं होतं, आणि वाटलं गेलं पहिल्या जातीच्या लोकांना. त्या चौघांपैकी कुणाला ते भोक दिसलं नव्हतं. खरं तर क्लायंटकडेही कुणी बोललं नव्हतं. त्याने मेल टाकला, दोन ओळींचा, व्याकरणाच्या तीन चुका असलेला. तिकडून उत्तर आलं, "गुड कॅच." डॉक्युमेंटची नवी आवृत्ती निघाली.

त्याचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं, शेरा होता ना. नंतर कायम झाला. आता नवीन मुलं आली की एस्क्रो तोच समजावतो, टेक्ससच्या घरापासून सुरुवात करून, आणि अधूनमधून कारखाना घुसतो. लखनौवाल्याला आता सोसायटीची कपात तोंडपाठ आहे.

मी एचआरला मात्र लिहिलं होतं, की "आकलन" हा रकाना फॉर्ममधून काढा, नाहीतर निदान "कशाचं आकलन" असा एक शब्द वाढवा. सोबत बेसबॉलच्या प्रयोगाबद्दल चार ओळी जोडल्या होत्या. आठवड्याने उत्तर आलं. सूचनेबद्दल आभार, फॉर्म मुख्य कार्यालयातून येतो, इथे बदलता येत नाही. आणि खाली एक ओळ: बेसबॉलचा संदर्भ समजला नाही, कृपया स्पष्ट करावा.

करतोय. क्रिकेट घालून लिहितोय.